मदत हवी आहे: हॉबी १६ ची जिब किती वर बांधावी?

नमस्कार मंडळी. गोव्याहून घेतलेली जुनी हॉबी १६ (दोन सांगाड्यांची शिडाची बोट) गेल्या वर्षापासून हिडकल धरणाच्या पाण्यावर चालवतोय. बेळगावात शिडाचं जाणणारं कुणी माझ्या ओळखीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळची जिब (पुढचं छोटं शीड) फाटली, तेव्हा दुसऱ्या बोटीवरची वापरलेली घेतली. ब्रायडलच्या (बोटीच्या दोन्ही नाकांपासून येऊन मध्ये जुळणाऱ्या तारांच्या) वरची, जिब अडकवायची भोकांची पट्टी गंजली होती, ती उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरकडून स्टेनलेसमध्ये करून घेतली. दोन भोकांत एक इंच अंतर. काम एकदम चोख.

जिबचं पुढचं खालचं टोक सर्वांत खालच्या भोकात अडकवलं की हॅलयार्ड (शीड वर ओढायची दोरी) छान ताणली जाते आणि फोरस्टे (मास्टला, म्हणजे डोलकाठीला, पुढून धरणारी तार) ढिला पडतो, म्हणजे ताण जिबच्या पुढच्या कडेतल्या वायरवर आलाय. पण मागचा कोपरा इतका खाली येतो की शीटचा (शीड आत ओढायच्या दोरीचा) ब्लॉक, म्हणजे कप्पी, खालच्या ब्लॉकला भिडतो आणि शीड पुरतं ओढलंच जात नाही. वडगावच्या विणकर शेजाऱ्यांकडून रेशमी धाग्याचे लाल तुकडे आणून वारा कळावा म्हणून शिडाला वर-खाली चिकटवलेत. वाऱ्याच्या जवळ गेलो की वरचा धागा आधी फडफडतो, खालचा निवांत. म्हणजे लीच (शिडाची मागची कड) वर उघडी पडतेय. या बोटीत जिबची कार (खालचा ब्लॉक बसवलेला सरकता भाग) क्रॉसबारवर, म्हणजे आडव्या दांडीवर, आडवीच सरकते, पुढेमागे नेऊन हे सुधारता येत नाही.

जिब दोन भोकं वर घेतली तर कोपरा छान सुटतो. पण शिडाचं वरचं टोक हॅलयार्डच्या ब्लॉकला जाऊन टेकतं, फोरस्टे ताठच राहतो आणि लफवर (पुढच्या कडेवर) आडव्या चुण्या पडतात. मास्ट मागे कलवून जागा करावी, तर कोपरा पुन्हा खाली आणि मेनचे (मागच्या मोठ्या शिडाचे) ब्लॉकही एकमेकांना भिडतात. काय करू?

प्रतिसाद

दादा, मास्टचा कल आणि जिबची उंची दोन्ही एकदम बदलू नका. आधी मास्टचा कल ठरवा. मेन पुरती ओढल्यावर ब्लॉकमध्ये थोडं अंतर उरेल इतकाच. मग त्या कलात हॅलयार्ड ताणायला जागा ठेवून जिब जितकी वर जाईल तितकी घ्या. जिबच्या वरच्या टोकाला शॅकल (जोडायची कडी) कसला आहे? मोठा असेल तर तिथेच इंचभर जागा जाते. आणि जिबचे ब्लॉक बुटके मिळतात, ते बघा. जिबच्या मागच्या कोपऱ्याच्या प्लेटला भोकं असतील तर एकेक बदलून धाग्यांवर नजर ठेवा. फोरस्टे ढिला दिसला तरी काढू मात्र नका. हॅलयार्ड तुटली तर मास्टला पुढून धरणारं तेवढंच आहे.

धागाकर्ता

आज मोजलं. शॅकल खरंच भला मोठा, पूर्वीच्या मालकाने दोन जोडून लावलेले. एक काढला, जिबचं खालचं टोक एक भोक वर घेतलं, हॅलयार्ड ताणली. फोरस्टे ढिला पडला! जिबच्या ब्लॉकमध्ये अजून जेमतेम बोटभर फट आहे. रविवारी पश्चिमेचा वारा असला तर पाण्यात उतरवतो. बुटके ब्लॉक गोव्यात किंवा मुंबईत कुठे मिळतील, कुणी सांगेल का?