एका नोकरीत माणसे साधारण किती वर्षे टिकतात?

निरंजनी यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय 31 आहे आणि सध्याची नोकरी तिसरी आहे. पहिल्या ठिकाणी मी 1 वर्ष 10 महिने होते, दुसऱ्या ठिकाणी 3 वर्षे 1 महिना, आणि इथे नुकतीच 2 वर्षे 4 महिने झाली आहेत. काम गुणवत्ता तपासणीचे आहे. ते मला आवडते आणि चांगले जमतेही.

गेल्या आठवड्यात एका मुलाखतीला गेले होते. समोरच्या गृहस्थांनी माझ्या अर्जातील तारखांवरून पेन्सिल फिरवली, समासात महिन्यांची बेरीज केली, तिला तीनने भागले आणि उत्तराभोवती गोल काढून विचारले, "आमच्याकडे किती दिवस राहाल?" कामाबद्दल त्यांनी त्यानंतर फारसे काही विचारले नाही. घरातील वडीलधाऱ्यांचेही हेच म्हणणे असते, की आमच्या काळी माणूस एकदा चिकटला की निवृत्त होऊनच बाहेर पडायचा आणि तुमच्या पिढीत मात्र धरसोड वाढली आहे. उलट माझ्या बरोबरीचे मित्रमैत्रिणी सांगतात, की दोन वर्षांपेक्षा जास्त थांबलीस तर पगारात मागे पडशील.

मला खरोखर समजून घ्यायचे आहे. लोक एका नोकरीत साधारण किती काळ राहतात याचे भरवशाचे आकडे आहेत का? पूर्वी लोक खरेच जास्त टिकत होते का? आणि माझ्यासारख्या व्यक्तीने थांबायचे की निघायचे, हे अशा आकड्यांवरून ठरवता येते का?

आकडेमोड यांचे उत्तर

निरंजनीताई, त्या गृहस्थांनी केलेला भागाकार फसवा आहे. तुमची तिसरी नोकरी अजून चालू आहे. ती उद्या संपेल की पंधरा वर्षे चालेल हे कोणालाच ठाऊक नसताना तिला 2 वर्षे 4 महिन्यांची पुरी झालेली नोकरी म्हणून बेरजेत धरणे म्हणजे अर्ध्या वाटेवरच्या माणसाला त्याचा प्रवास इतकाच होता असे सांगण्यासारखे आहे. या विषयावरचे बहुतेक प्रसिद्ध आकडे नेमके असेच असतात, म्हणून ते वाचताना सावध राहावे लागते.

अमेरिकेचे श्रम सांख्यिकी कार्यालय दर दोन वर्षांनी नोकरदारांना विचारते, की सध्याच्या मालकाकडे तुम्हाला किती वर्षे झाली. जानेवारी 2024 मध्ये त्याचे मध्यक 3.9 वर्षे आले, म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून कमी काळ झाला होता आणि निम्म्यांना त्याहून जास्त. 2002 नंतरचा हा सर्वांत खालचा आकडा असल्यामुळे बातम्यांमध्ये त्याची चर्चाही झाली. परंतु त्याच पाहणीत 25 ते 34 वयोगटाचे मध्यक 2.7 वर्षे आणि 55 ते 64 वयोगटाचे 9.6 वर्षे आहे. तुमच्या वयाच्या माणसाला सध्याच्या ठिकाणी अडीच-पावणेतीन वर्षे झालेली असणे अगदी नेहमीचे आहे. सरकारी नोकऱ्यांत हा आकडा 6.2 आणि खासगी क्षेत्रात 3.5 आहे. वय आणि क्षेत्र वगळून एकच आकडा सांगितला, तर तो कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

आता यातील खरी मेख सांगतो. एका विभागात दहा जागा आहेत असे समजा. नऊ जागांवर नऊ माणसे दहा वर्षे टिकून राहिली आणि दहाव्या जागेवर दर सहा महिन्यांनी नवा माणूस आला. दहा वर्षांत तिथे एकूण 29 माणसांनी नोकरी केली आणि त्यांतील 20 जण सहा महिन्यांत गेले. दप्तरातील नोंदी पाहणारा म्हणेल, की इथे दोनतृतीयांशाहून जास्त नोकऱ्या सहा महिन्यांत संपतात. पण कोणत्याही दिवशी त्या विभागात जाऊन पाहिले, तर दहापैकी नऊ जण दीर्घकाळ टिकणारेच भेटतील. दोन्ही विधाने खरी आहेत. प्रश्न नोकऱ्यांबद्दल विचारला की माणसांबद्दल, यावर उत्तर बदलते.

हे केवळ कागदी उदाहरण नाही. रॉबर्ट हॉल या अर्थशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये अमेरिकेसाठी हेच दाखवले होते. नव्याने सुरू होणारी सर्वसाधारण नोकरी अल्पायुषी असते, तरीही ज्यांची नोकरी अखेरीस 20 वर्षे किंवा अधिक टिकेल असे लोक एकूण काम करणाऱ्यांत सुमारे एकचतुर्थांश असतात. नंतर हेन्री फार्बर यांच्या कामातूनही हेच पुढे आले, की नव्या नोकऱ्यांपैकी जवळपास निम्म्या पहिल्या वर्षातच संपतात आणि जसजशी वर्षे जातात तसतशी नोकरी सुटण्याची शक्यता घटत जाते. कारण समजण्यासारखे आहे. रुजू होण्याआधी काम कसे आहे, वरिष्ठ कसे आहेत, आपल्याला ते झेपेल का, यांतील फारच थोडे ठाऊक असते. ते पहिल्या काही महिन्यांत कळते आणि ज्यांचे जुळत नाही ते लवकर बाहेर पडतात. तुम्ही तिन्ही ठिकाणी पहिले वर्ष ओलांडले आहे, हे त्या पेन्सिलीला दिसले नाही.

"पूर्वी लोक जास्त टिकत" हे निम्मे खरे आहे. अमेरिकेत 25 वर्षांवरील नोकरदारांचे मध्यक 1983 मध्ये 5.0 वर्षे होते आणि 2022 मध्ये 4.9. चाळीस वर्षांत फरक जवळजवळ नाही. पण आत डोकावले तर दोन उलट प्रवाह दिसतात. 45 ते 54 वयाच्या पुरुषांचा आकडा 1983 मध्ये 12.8 वर्षे होता, तो 2014 पर्यंत 8 वर्षांच्या आसपास उतरला. याच काळात स्त्रिया अधिक सलगपणे नोकरीत राहू लागल्यामुळे त्यांचा आकडा चढत गेला. घरातील वडीलधारी माणसे आपल्या अनुभवाबद्दल चुकीचे बोलत नाहीत, पण तो अनुभव प्रामुख्याने मधल्या वयातील पुरुषांचा आहे.

आणखी एक गोष्ट, कारण तिच्यावरून नेहमी गैरसमज होतो. हा आकडा वाढला म्हणजे लोक समाधानी झाले असे नाही. सर्व वयांच्या नोकरदारांचे मध्यक 2008 मध्ये 4.1 वर्षे होते, ते मंदीनंतर 2010 मध्ये 4.4 आणि 2012 मध्ये 4.6 झाले. मंदीत नव्याने लागलेल्यांना आधी काढले जाते, भरती थांबते आणि जे उरतात ते भीतीने जागा सोडत नाहीत. त्यामुळे मध्यक वर सरकते.

भरतीची बाजू यांचे उत्तर

मी सोळा वर्षे माणसे निवडण्याचे काम करते आहे. निरंजनी, तुम्हाला जो प्रश्न विचारला गेला तो विचारण्यामागे कारण असते. नवा माणूस पूर्ण ताकदीने कामाला लागेपर्यंत काही महिने जातात, त्या काळात कोणीतरी अनुभवी माणूस त्याला शिकवत असतो आणि तो लगेच गेला तर दोघांचेही श्रम वाया जातात. मात्र विचारण्याची पद्धत चुकीची होती. तारखा पाहून मी भागाकार करत नाही, क्रम पाहते. कमी काळाची एखादी नोकरी मला खटकत नाही. चार नोकऱ्या ओळीने वर्षाच्या आत संपल्या असतील, तर मी कारणे विचारते आणि ती शांतपणे ऐकते, कारण कित्येकदा विभागच बंद झालेला असतो किंवा कंत्राटच तेवढ्या मुदतीचे असते.

तुमच्या अर्जात मी एक गोष्ट शोधली असती. ज्या कामाची सुरुवात तुम्ही केली, त्याचे परिणाम दिसेपर्यंत तुम्ही तिथे होता का? तपासणीची एखादी नवी पद्धत बसवायला वर्ष लागते, पण ती टिकली का, तिच्यातील चुका कोणत्या आणि लोक तिला बगल कशी देतात, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळते. दुसऱ्या ठिकाणच्या तीन वर्षांबद्दल तुम्ही असे काही सांगू शकत असाल, तर तीच तुमची जमेची बाजू आहे आणि विचारले नाही तरी ती तुम्ही होऊन सांगायला हवी.

टिकण्याची सगळी जबाबदारी माणसावर टाकणे मला मान्य नाही. हेन्री फोर्ड यांच्या अमेरिकेतील मोटारींच्या कारखान्याचे उदाहरण या क्षेत्रात वारंवार दिले जाते आणि ते द्यायलाच हवे. 1913 मध्ये तिथे सुमारे 14,000 कामगारांची संख्या राखण्यासाठी वर्षभरात 50,000 हून अधिक माणसे भरती करावी लागली. कामगार गळतीचे वार्षिक प्रमाण 370 टक्के होते. अनेक जण राजीनामाही देत नसत, नुसते यायचे थांबत, आणि सलग पाच दिवस न आलेला माणूस सोडून गेला असे धरले जाई. नव्याने आलेल्या सरकत्या जोडणीपट्ट्यावरचे काम तितके कंटाळवाणे आणि थकवणारे होते. जानेवारी 1914 मध्ये दिवसाचे काम नऊ तासांवरून आठ तासांवर आणले गेले आणि पात्र कामगारांचे रोजचे उत्पन्न दुपटीहून वाढवून 5 डॉलर करण्यात आले. 1915 पर्यंत गळती 16 टक्क्यांवर आली. त्या दोन वर्षांत कामगारांची वृत्ती बदलली नव्हती, नोकरी बदलली होती. म्हणून एखाद्या जागेवरून दरवर्षी माणूस जात असेल, तर मी आधी त्या जागेकडे पाहते.

पगाराबद्दल तुमच्या मित्रमैत्रिणी सांगतात त्यात तथ्य आहे, पण ते कायमचे नाही. कारकिर्दीच्या सुरुवातीला बदलाचा फायदा मोठा असतो. रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड या अर्थशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये अमेरिकेतील तरुण पुरुषांबद्दल दाखवले होते, की पहिल्या दहा वर्षांत ते सरासरी सात नोकऱ्या करतात आणि त्या काळातील पगारवाढीचा निदान एकतृतीयांश भाग नोकरी बदलण्यातून येतो. पुढे हा वेग मंदावतो. शिवाय बदलणाऱ्यांना मिळणारी जादा वाढ बाजारावर अवलंबून असते, माणसे कमी पडतात तेव्हा ती फुगते आणि भरती थंडावली की विरते. दोन वर्षांचा ठोकताळा तेजीत तयार झालेला आहे.

जुना यंत्रतज्ज्ञ यांचे उत्तर

मी एकाच ठिकाणी 29 वर्षे काढली, त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या बाजूने मला थोडे बोलू द्या.

बाहेरून पाहणाऱ्याला ती एक नोकरी वाटते. प्रत्यक्षात मी तिथे चार वेगळी कामे केली. पहिली सहा वर्षे मोजमापाची उपकरणे दुरुस्त केली, मग ती बसवण्यासाठी फिरलो, मग नव्या मुलांना शिकवले आणि शेवटची दहा वर्षे उपकरणे खरेदी करण्याआधी त्यांची परीक्षा घेतली. आकडेमोड यांनी सांगितलेल्या पाहणीत मालक बदलला तरच नोकरी बदलली असे धरतात, म्हणून माझ्यासारखा माणूस तिथे स्थिर दिसेल. दर सहा-सात वर्षांनी काम बदलले नसते तर मी टिकलो नसतो.

आणि हेही कबूल केले पाहिजे, की मधली चार-पाच वर्षे मी केवळ भीतीमुळे थांबलो होतो. मुले शिकत होती, बाहेर आपल्याला कोण विचारील असे वाटत होते, आणि सकाळी फाटकातून आत जाताना पाऊल जड होत असे. त्या वर्षांना निष्ठा म्हणू नये.

लांब टिकण्यातला धोका मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. आमचा एक विभाग अचानक बंद झाला तेव्हा वीस-वीस वर्षे काम केलेले सहकारी बाहेर पडले. एका सहकाऱ्याला आमच्याकडच्या जुन्या यंत्राचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगता येत असे. यंत्राच्या झाकणावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचा, "डावीकडचा बेअरिंग." तो कधी चुकल्याचे मला आठवत नाही. ते यंत्र दुसरीकडे कुठेच नव्हते, म्हणून त्याच्या त्या कौशल्याला बाहेर किंमत आली नाही आणि पुढची नोकरी त्याला निम्म्याच्या आसपास पगारावर घ्यावी लागली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील, एकाच ठिकाणी बरीच वर्षे काम केलेल्या कामगारांवर 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते, की असे अचानक बाहेर पडावे लागलेल्यांची कमाई पाच-सहा वर्षांनंतरही पूर्वीपेक्षा सुमारे एकचतुर्थांशाने कमीच राहिली. आमच्या त्या सहकाऱ्याचे पुढे हेच झाले.

तुम्हाला माझे सांगणे एवढेच आहे, की तुम्ही राहा किंवा जा, पण आपण जे शिकतो आहोत ते याच चार भिंतींत चालणारे आहे की बाहेरही चालेल, हे दरवर्षी एकदा तपासून पाहत जा.

निरंजनी यांचे उत्तर

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

काल रात्री मी तिन्ही नोकऱ्यांसाठी एकेक पान घेतले आणि शेवटच्या सहा महिन्यांत नवीन काय शिकले ते लिहून काढले. पहिल्या नोकरीच्या पानावर काहीच लिहिता आले नाही, म्हणजे तिथून निघाले ते योग्यच होते. दुसऱ्या पानावर सात ओळी झाल्या. ती नोकरी मी पगारासाठी सोडली होती, आणि आता वाटते की तिथे आणखी वर्षभर थांबायला हवे होते. माझी नमुना तपासणीची पद्धत तिथे सुरू होऊन जेमतेम आठ महिने झाले होते, तिचे पुढे काय झाले हे मला आजही माहीत नाही. सध्याच्या नोकरीच्या पानावर चार ओळी आहेत आणि चारही पहिल्या वर्षातल्या आहेत.

त्यामुळे मी लगेच राजीनामा देणार नाही, पण वरिष्ठांकडे पुरवठादारांच्या तपासणीचे काम मागणार आहे. ते काम गेले वर्षभर कोणाकडेच नीट नाही.

भरतीची बाजू यांचे उत्तर

ते काम लेखी मागा आणि त्यासोबत पहिल्या तीन महिन्यांत काय कराल हेही लिहून द्या. नकार मिळाला तर त्याचे कारण विचारा. त्या कारणावरून तिथे तुमच्यासाठी पुढे जागा आहे की नाही, हे तुम्हाला बरेचसे स्पष्ट होईल. आणि शक्य असेल तर दुसऱ्या ठिकाणच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून तुमच्या पद्धतीचे काय झाले ते अवश्य विचारा.