दोन भाऊ, दोन छावण्या: लेखकाची पळवाट की आपला खरा इतिहास?

कोरापान

परवा एका वाचकाने ऐतिहासिक कादंबऱ्यांवर लांबलचक टिपण टाकलं होतं. म्हणणं असं, की एक भाऊ या पक्षात आणि दुसरा त्या पक्षात ही मांडणी आता बंद करा. लेखकाला वसूल, फौज, कर्ज यांचा अभ्यास नको असतो, म्हणून तो यादवीला घरातलं भांडण करून टाकतो आणि वाचकाला रडवून मोकळा होतो. शेवटी ठासून लिहिलं होतं, की खऱ्या आयुष्यात वेळ आली की माणूस रक्ताच्याच बाजूने उभा राहतो. त्यावर वाहवाही बरीच झाली. मी दोन दिवस गप्प बसलो, पण राहवत नाही. उत्तर मोठं आहे म्हणून वेगळा धागा.

रक्ताची गोष्ट आधी. १६८० चा एप्रिल. शिवाजी महाराज गेले, रायगडावर सोयराबाईंनी अण्णाजी दत्तो आणि मोरोपंतांना हाताशी धरून राजारामांना मंचकी बसवलं. सरसेनापती कोण? हंबीरराव मोहिते, सोयराबाईंचे सख्खे भाऊ. भाचा गादीवर बसतोय, बहीण राजमाता होतेय, फौज आपल्या हातात. रक्ताचा हिशेब लावला तर निकाल आधीच लागलेला. आणि हंबीररावांनी काय केलं? बहिणीच्या कारभाऱ्यांनाच कैद करून पन्हाळ्याला संभाजीराजांपुढे उभं केलं. रक्ताच्याच बाजूने उभं राहतात म्हणे!

दुसरं घर प्रतिनिधींचं, म्हणजे छत्रपतींच्या दरबारातल्या एका मोठ्या पदाचं. शाहू महाराज आणि ताराबाई यांच्यात गादीसाठी झगडा चालू होता तेव्हा परशुरामपंतांनी ताराबाईंच्या वतीने सातारा झुंजवला. किल्लेदार शेख मिराची बायकापोरं शाहू महाराजांच्या हाती लागली तेव्हा त्याने पंतांनाच अटक करून किल्ला दिला. पुढे पंतांचा एक मुलगा, श्रीपतराव, साताऱ्यात शाहूंचा प्रतिनिधी. दुसरा, कृष्णाजी, कोल्हापूरच्या गादीचा प्रतिनिधी, त्याचं घराणं विशाळगडला. एकाच बापाचे दोन मुलगे, एकच पद, दोन छत्रपती. हे कुणा लेखकाने रचलेलं नाही.

आणि पाचगाव. नागपूरच्या दक्षिणेला, २६ जानेवारी १७७५. जानोजी भोसले निपुत्रिक गेल्यावर मुधोजी आणि साबाजी या भावांची लढाई. साबाजीची सरशी होत आलेली. त्याने आपला हत्ती थेट मुधोजीच्या हत्तीला नेऊन भिडवला आणि शरण ये म्हणून हाक दिली. अंतर किती असेल? दोन हौद्यांमधलं. चेहरा दिसतो, आवाज ओळखीचा आहे. मुधोजीने पिस्तूल झाडलं, साबाजी जागेवर गेला आणि लढाई तिथेच फिरली. त्या अंतरात काय होतं ते बखर सांगणार नाही, जमाखर्च सांगणार नाही. ते कादंबरीनेच सांगायचं असतं. ज्याला ही पळवाट वाटते त्याने ते एक पान लिहून दाखवावं.

दफ्तरदार

ते टिपण माझं नाही, पण वाहवा करणाऱ्यांत मी होतो, म्हणून उत्तर देतो.

उदाहरणं निवडून आणली की काहीही सिद्ध होतं. प्रतिनिधींचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. एक मुलगा साताऱ्यात, एक कोल्हापुरात, म्हणजे कोणीही जिंको, घर शाबूत. ही शोकांतिका नाही, ही तरतूद आहे. १७०७ ते १७३१, सातारा-कोल्हापूरमधला वारणेचा तह होईपर्यंत कितीतरी वतनदार घरांनी हेच केलं. ते न सांगता कादंबरीकार दोघा भावांना नदीच्या दोन काठांवर उभं करतो, मध्ये आईला रडवतो आणि आपल्याला वाटतं इतिहास वाचला.

माझा खरा राग वेगळा आहे. या कादंबऱ्यांत रयत कुठे असते? यशवंतराव होळकरांवर लिहिताना शिंदे-पेशव्यांविरुद्धच्या हडपसरच्या लढाईला पंधरा-वीस पानं. २५ ऑक्टोबर १८०२, दिवाळीचे दिवस, घोड्यांच्या टापा, सगळं आलं. पण त्या फौजा आणि पेंढारी ज्या मुलखातून गेले तिथे कडबा उरला नाही, पेरा उरला नाही, वर पावसाने दगा दिला आणि १८०३-०४ चा दुष्काळ पडला. दख्खनच्या गॅझेटियरांत जिल्ह्यामागून जिल्ह्यात त्याच्या नोंदी आहेत. गावं ओस पडली. कादंबरीत त्याला ओळ मिळते, तीही मिळाली तर. भावाच्या डोळ्यातलं पाणी तीन प्रकरणं पुरतं. याला मी लेखकाची सोय म्हणतो आणि म्हणत राहणार.

रानवारा

तुम्ही दोघं भाऊ-भाऊ करत बसलात, पण या कादंबऱ्यांत भावांमध्ये फूट कोण पाडतं ते पाहिलंत का? दरवेळी बाई. सोयराबाई, ताराबाई, आनंदीबाई, नागपूरच्या दर्याबाई. पुरुष बिचारे भोळे, प्रेमळ, एका ताटात जेवणारे. मग माजघरातून कुणीतरी कान फुंकते आणि तलवारी बाहेर पडतात. मला याचा वीट आलाय.

दर्याबाईंचं घ्या. जानोजींची विधवा. दत्तक कोण घ्यायचा यात तिचा शब्द होता, म्हणून दोन्ही दीर तिच्याकडे पाहत होते. तिने आधी साबाजीचा पक्ष घेतला. हे राजकारण झालं, बाईने केलेलं, तेवढंच. पुरुषाने पक्ष बदलला की मुत्सद्दी, बाईने बदलला की कारस्थानी. कोरापान, तुमच्या पाचगावच्या परिच्छेदात तर ती आलीच नाही. दोन हत्ती आले.

मोडीवाचक

ताई, सरसकट नको. ताराबाईंबद्दल कुणी वाईट लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही, औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेली बाई आहे ती. पण आनंदीबाईंना धुऊन काढायची जी लाट आलीय तिला काही अर्थ नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला तेव्हा त्या वाड्यातच होत्या. महत्त्वाकांक्षी होत्या, पत्रव्यवहार चालवत होत्या. 'ध'चा 'मा' ग्रँट डफने १८२६ साली लिहून ठेवलाय, आजच्या कादंबरीकाराने नाही.

रानवारा

ग्रँट डफसुद्धा लोकांचा समज म्हणूनच ते सांगतो. खुनानंतर पन्नासेक वर्षांनी ऐकलेला समज! आणि रामशास्त्र्यांनी दोष कुणाच्या पदरात घातला? राघोबादादांच्या. त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, त्यांच्या बायकोला नाही. हे शाळेत सगळे शिकतात आणि तरी गोष्ट सांगताना बोट आनंदीबाईकडेच जातं.

१७६२ ला आळेगावला पुतण्यावर, माधवराव पेशव्यांवर, फौज घेऊन कोण गेलं, निजामाची मदत कोणी घेतली? १७६८ ला धोडपला कोण लढलं? तोफा काय आनंदीबाईने डागल्या? १७७५ ला सुरतेत इंग्रजांशी तह केला तो कुणी? नवऱ्याची पंधरा वर्षांची हाव एका अक्षरावर ढकलून मोकळं व्हायचं. नवरा १७८३ ला गेला, ती मात्र कोपरगाव, आनंदवल्ली असं करत १७९४ पर्यंत सरकारी नजरेखाली राहिली, तीन मुलांना घेऊन. त्या अकरा वर्षांवर कादंबरी लिहा ना कुणीतरी.

मोडीवाचक

मी चार ओळी लिहिल्या, तुम्ही मला नारायणरावांच्या मारेकऱ्यांत बसवलंत. 'महत्त्वाकांक्षी' म्हणणं म्हणजे दोषी म्हणणं नव्हे.

रानवारा

'त्या वाड्यातच होत्या' हे वाक्य कशासाठी लिहिलंत मग? वाड्यात शेकडो माणसं होती. सुमेरसिंग गारदी होता, तुळाजी पवार होता. त्यांच्याआधी तुम्हाला बाई आठवली.

मोडीवाचक

तुम्हाला वादच घालायचा असेल तर माझा नमस्कार. एवढं खरं की 'वाड्यातच होत्या' याने काही सिद्ध होत नाही. ते वाक्य काढून टाका हवं तर, बाकीचं मी सोडत नाही.

उंबरझाड

मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे दफ्तरदारांच्या 'तरतूद' या शब्दावर. पुस्तकातलं नाही, घरातलं सांगतो.

आमच्याकडे सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत वडील एका पॅनलमध्ये, धाकटे चुलते दुसऱ्यात. हे रात्री आमच्याच ओसरीवर बसून ठरलं होतं, मी लहान होतो पण जागा होतो. आजोबा म्हणाले, दोन्हीकडे एक-एक माणूस असू द्या, कोणीही आलं तरी ऊस वेळेवर तुटला पाहिजे. तोडीची चिठ्ठी कुणाच्या हातात, यावर आमच्या भागात वर्ष ठरायचं. म्हणजे अगदी दफ्तरदार म्हणतात तसं.

मग प्रचार सुरू झाला. व्यासपीठावर बोलावं तर लागतं. चुलत्यांनी एका सभेत वडिलांच्या एका जुन्या कर्जाचा विषय काढला. टाळ्या पडल्या. वडिलांनी पुढच्या सभेत त्याहून वाईट काढलं. निवडणूक झाली, ऊस दोघांचाही तुटला, ठरल्याप्रमाणे सगळं झालं. पण चुलते परत आमच्या ओसरीवर आले नाहीत. बहिणीच्या लग्नात ते मांडवाबाहेर, गाडीपाशी उभे होते. वडील आतून पाहत होते, बोलवायला गेले नाहीत.

तर तरतूद म्हणून सुरू झालेली गोष्ट तरतूद राहत नाही, माणसं त्या भूमिकेत आत शिरतात. श्रीपतराव आणि कृष्णाजी यांच्यातही असं काही झालं असेल की नाही, हे मला वाचायचंय. वतन वाचलं एवढं सांगून दफ्तरदार थांबतात, तिथून पुढे मला कादंबरी हवी आहे.

कोरापान

उंबरझाड, माझं अर्धं काम तुम्ही केलंत.

रानवारा, दर्याबाईंबद्दल तुमचं बरोबर आहे, त्या लढाईमागे दत्तकाचा प्रश्न होता आणि तो प्रश्न त्यांच्याभोवती होता. पण पाचगावला हौद्यात त्या नव्हत्या, म्हणून तिथे हत्तीच येणार.

दफ्तरदार, तुम्ही १८०२ काढलंत तर तेच वर्ष भावांच्या अंगाने बघा. तुकोजी होळकर ऑगस्ट १७९७ मध्ये पुण्यात वारले. चार मुलगे. काशीराव दौलतराव शिंद्यांच्या आश्रयाला गेला आणि महिन्याभरात शिंद्यांच्या फौजेने भांबुर्ड्याला मल्हाररावाच्या तळावर पहाटे हल्ला करून त्याला मारलं. भावाच्या संमतीने भाऊ मारला गेला. विठोजी कोल्हापूरकडे पळाला, यशवंतराव नागपूरला, तिथे कैदेत पडला. एप्रिल १८०१ ला पेशव्याने, दुसऱ्या बाजीरावाने, विठोजीला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं. त्यानंतरच्या यशवंतरावाला नुसत्या वसुलाच्या आकड्यांनी समजून घेता येईल असं तुम्हाला खरंच वाटतं?

आणि समोरच्या घरातही तेच. यशवंतराव पुण्यात शिरला तेव्हा बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांच्या तहावर सही करून बसला. इकडे पुण्यात होळकरांनी कुणाला पुढे केलं? अमृतरावांना, राघोबादादांच्या दत्तक मुलाला, म्हणजे बाजीरावाच्याच भावाला. त्याच्याही आधी १७९६ त धाकट्या चिमाजीअप्पांना मनाविरुद्ध पेशवाईची वस्त्रं दिली होती, बाजीराव बाजूला सारून. नको नको म्हणणाऱ्या मुलाला भावाच्या जागी बसवलं आणि काही महिन्यांत उठवलं. रानवारांनी सांगितलेली आनंदवल्लीची ती तीन मुलं हीच. मराठी राज्य बुडालं ते या दोन घरांच्या ओसरीवर, आणि तुम्ही म्हणता घर दाखवू नका.

दफ्तरदार

घर दाखवू नका असं मी म्हटलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. घराबाहेरचं दाखवा म्हटलं.

तुमचीच होळकरांची गोष्ट घ्या. यशवंतरावाकडे मुलूख नव्हता, खजिना नव्हता. फौज पोसायची कशी? लुटीवर. विठोजीचा सूड म्हणून आपण जे वाचतो ते खानदेशातल्या, नगरकडच्या कुणब्याच्या बैलजोडीवर चाललेलं होतं. त्या कुणब्याचाही भाऊ कुठल्यातरी पागेत, म्हणजे घोडदळात, शिलेदार असेल. एक होळकरांकडे, एक शिंद्यांकडे, जिथे घोडं लागलं तिथे. त्यांना 'दोन छावण्यांतले भाऊ' म्हणून कुणी का लिहीत नाही? त्यांच्या नावाची बखर नाही म्हणून?

उंबरझाडांचं मांडवाबाहेरचं वाचलं. ते मला हिशेबात बसवता येत नाही, एवढं मान्य करतो. त्याउपर नाही.

रानवारा

शिलेदार भावांची कल्पना चांगली आहे. फक्त त्यांच्यात भांडण लावायला बायको आणू नका.

कोरापान

दफ्तरदार, ती कादंबरी मला वाचायची आहे, आणि ती तुम्ही ज्या मांडणीला पळवाट म्हणत होतात त्याच मांडणीची आहे. खानदेशातली एक बैलजोडी, दोन भाऊ, दोन पागा. अडचण एकच. होळकरांकडच्या भावाला आपल्याच गावाची वैरण कापायचा हुकूम येतो तेव्हा तो काय करतो, हे तुम्हाला कुठल्याच दफ्तरात सापडणार नाही.

दफ्तरदार

तो वैरण कापतो. घोडं उपाशी मेलं तर शिलेदारी जाते. घोडं त्याचं स्वतःचं असतं, सरकारचं नाही, आणि ते बहुधा कर्ज काढून घेतलेलं असतं. त्याने कापलं नाही असं लिहिणाऱ्या लेखकाचं पुस्तक मी पुढे वाचणार नाही.

उंबरझाड

कापतो. पण आपल्या वावरातलं आधी कापतो की शेजाऱ्याचं?