हायड्रॉलिक फेल झालं, विमान सुखरूप उतरलं, आणि म्हणे 'पायलटने काय मोठं केलं?'

पार्लेकर_पूर्व (धागाकर्ता)
सोसायटीच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी जुनी बातमी उकरून काढली. ऑक्टोबर २०२४, तिरुचिरापल्लीहून शारजाहला निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ विमान. टेकऑफनंतर हायड्रॉलिक (चाकं, ब्रेक, फ्लॅप तेलाच्या दाबाने हलवणारी यंत्रणा) फेल, दोन तासांवर तिथेच घिरट्या, मग सगळे खाली सुखरूप. त्यावर यांची मुक्ताफळं: "इतका वेळ यांना निर्णय घेता येईना. सगळं ऑटोपायलट करतो. पगार घेतात ना, मग हारतुरे कशाला?" वर अंगठ्यांचा पाऊस. तिथे भांडलो तर पार्किंगचा वाद निघेल, म्हणून इथे लिहितोय.

अहो, ७३७ ला हवेत इंधन सोडून द्यायची सोयच नाही. शारजाहपुरतं भरलेलं इंधन पोटात घेऊन उतरायचं म्हणजे वजन जास्त, वेग जास्त आणि ब्रेकची खात्री नाही. ते जाळावंच लागतं. त्या वेळात कॉकपिटमध्ये पत्ते कुटत नाहीत. एक जण उडवतो, दुसरा चेकलिस्ट वाचतो. फ्लॅप (वेग कमी करून उतरताना पंखातून बाहेर येणारे पत्रे) कितपत उघडतील, धावपट्टी किती लागेल, उतरल्यावर विमान वळेल का. एअरबस ३२० मध्ये ग्रीन सिस्टीम (तीन हायड्रॉलिकपैकी चाकं हलवणारी) गेली तर दोन पायलटांच्या मधला एक दांडा बाहेर ओढून तीन वेळा गोल फिरवतात, मग चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात. एकदा आली की परत वर घेता येत नाहीत. आता हे घाईघाईत करायचं?

आणि ऑटोपायलटवाल्यांनी अमेरिकेतल्या सू सिटीचा १९८९ चा अपघात वाचावा. डीसी-१० च्या शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क (पात्यांची चकती) फुटली, तिन्ही हायड्रॉलिक गेल्या. कॅप्टन अल हेन्स आणि त्यांचे सहकारी, शिवाय प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक डेनिस फिच यांनी नुसत्या उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करून विमान धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ वाचले.

गच्चीवाला_घाटकोपर
घिरट्या घाला हो, पण कुणाच्या डोक्यावर? २०१८ मध्ये आमच्या जीवदया लेनमध्ये विमान पडलं, रस्त्याने जाणारा माणूस हकनाक गेला. त्यावर कुणी धागा काढत नाही.

जुना_हँगर
घाटकोपरला पडलेल्या त्या छोट्या किंग एअर विमानाचा नि हायड्रॉलिकचा काडीचा संबंध नाही. विषयावर या.

धागाकर्ते, आयुष्य कलिन्याच्या बाजूला विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये गेलं. स्कायड्रॉल, म्हणजे हायड्रॉलिकचं तेल, नखाच्या कडेला राहिलं की रात्री आमटीत हात घातला तरी झोंबायचं. त्या अधिकाराने सांगतो, क्रूचं कौतुक जरूर करा, पण टाळ्या वाजल्या की पाइप का गळला हे कुणी विचारत नाही. जपान एअरलाइन्स १२३ घ्या. १९७८ मध्ये शेपटी घासली, दुरुस्ती चुकीची झाली, आणि १९८५ मध्ये मागचं प्रेशर बल्कहेड (केबिनमधला हवेचा दाब धरून ठेवणारी भिंत) फुटून चारही हायड्रॉलिक सिस्टीम्स गेल्या. त्या क्रूने अर्धा तास विमान हवेत धरलं. ५२४ पैकी ४ वाचले. क्रू कुठे कमी पडला सांगा.

पार्लेकर_पूर्व
म्हणजे दोष मेंटेनन्सचाच ना? तुमच्याच बिरादरीचा!

जुना_हँगर
ती दुरुस्ती बोइंगच्या माणसांनी केली होती. आणि बिरादरी काढू नका, रात्रपाळीत तुमच्यासाठीच जागलोय.

मराठी_बाणा
सगळं खरं, पण मूळ प्रश्न राहिला. आत बसलेल्यांना सांगतं कोण? आई नागपूरला चालली होती. मुंबईतून उडालेलं विमान परत फिरलं, घोषणा इंग्रजीत, मग भरधाव हिंदीत. तिला 'टेक्निकल' एवढाच शब्द कळला. शेजारच्या पोराला विचारलं तर तो कानात बोंडं घालून. उतरेपर्यंत रामरक्षा म्हणत होती. महाराष्ट्राच्या राजधानीतून निघून महाराष्ट्राच्याच उपराजधानीत जाणाऱ्या विमानात चार वाक्यं मराठीत बोलता येत नाहीत?

दादर_टीटी
+१००. डोशाची ऑर्डर घ्यायला सतरा भाषा येतात.

केबिनची_ताई
आला का भाषेचा विषय? मी क्रूमध्ये होते, मराठी आहे, कुर्ल्याची आहे. अशा वेळी कॅप्टन आम्हाला चार गोष्टी सांगतो: काय झालंय, काय करणार, वेळ किती, आणखी काही सूचना. तेवढ्यात गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आवरायची, सैल सामान बंद करायचं, म्हाताऱ्यांजवळ कोण बसणार ते ठरवायचं. कमांड्स इंग्रजी-हिंदीत घोटून घेतलेल्या असतात, झोपेत विचारलं तरी तोंडातून त्याच येतात. तिथे भाषांतर करत बसू?

आणि सांगून तरी लोक ऐकतात का? २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमहून गेलेलं एमिरेट्सचं विमान दुबईत धावपट्टीवर आदळलं. आत धूर भरतोय आणि लोक वरच्या कप्प्यातून बॅगा काढतायत, व्हिडिओ आहे. त्यांना काय भाषा कळत नव्हती?

मराठी_बाणा
वा! म्हणजे लोक मूर्ख, म्हणून सांगायचंच नाही? २०१० मध्ये क्वांटासच्या ए३८० चं इंजिन सिंगापूरजवळ फुटलं, हायड्रॉलिकसकट निम्मं विमान बंद पडत होतं, ४६९ माणसं आत. कॅप्टन डी क्रेस्पिनी विमान उतरवूनही थांबला नाही, टर्मिनलमध्ये प्रवाशांसमोर उभा राहिला, काय घडलं ते सांगितलं आणि वर स्वतःचा फोन नंबर दिला. त्याला जमतं, आमच्याकडच्यांना का नाही?

केबिनची_ताई
त्याच्या कॉकपिटमध्ये पाच पायलट होते, साहेब. इथे दोन असतात.

दादर_टीटी
बाणाराव, विकेट!

मराठी_बाणा
पाच जण काय एकाच माइकवर बोलत होते? तुम्हाला मराठीची लाज वाटते, एवढंच लिहा आणि मोकळ्या व्हा.

केबिनची_ताई
लाज? धक्के बसत असताना एका आजींचा हात धरून मराठीतच बोलत होते मी. त्याची घोषणा करत नसतात.

गच्चीवाला_घाटकोपर
आणि आमच्या गच्चीचं काय?

जुना_हँगर
तिथे टाकीला झाकण लावा.

पार्लेकर_पूर्व
धागा हायड्रॉलिकचा होता, तुम्ही त्याचं भाषा मंडळ केलंत. असो. हँगरकाकांचा चौकशीचा मुद्दा बरोबर आहे, ग्रुपवर तोही टाकतो. अंगठे किती पडतात बघू.

मराठी_बाणा
ठीक आहे ताई, हवेत असताना विमान सांभाळा, मान्य. पण उतरल्यावर बॅगांच्या पट्ट्यापाशी अर्धा-पाऊण तास ताटकळवता, तेव्हा दोन ओळी मराठीत सांगायला कोणतं हायड्रॉलिक लागतं?