कॉलनीच्या शेतीतून ‘निम्म्या भावात भाजी’? हिशेब मांडून दाखवा

हिशेबवही
परवाची पोस्ट: इंदूरच्या प्रत्येक कॉलनीतला एक रिकामा प्लॉट शेतीला द्या, शेजाऱ्यांना चोइथराम मंडीच्या, म्हणजे घाऊक भाजीबाजाराच्या, निम्म्या भावात ताजी भाजी मिळेल. सगळ्यांनी वाहवा केली, क्षेत्रफळ कोणी विचारलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

हजार चौरस फुटांचा प्लॉट घ्या. चार फुटी वाफे, दीड फुटी वाटा, पाण्याची टाकी आणि खताची जागा वजा केली की लागवडीला साधारण ५५ चौरस मीटर उरतात. सगळीकडे पालक लावला तर एका कापणीला मीटरमागे किलोभर, म्हणजे ५५ किलो. पुढची कापणी वीस दिवसांनी. चाळीस घरांना, घरटी रोज सव्वा किलो धरली तर, दिवसाला ५० किलो भाजी लागते. वीस दिवसांच्या राबण्यातून एका दिवसाची भाजी! आणि हिवाळ्यात मंडीत पालक-मेथीचे ढीग पडतात, तेव्हा शेतकऱ्यालाच भाडं-हमाली सुटत नाही. विकतच्या खतावर त्याच्याशी भावात टक्कर कशी घेणार?

गिलकीचा वेल
क्षेत्रफळाचं गणित मान्य. पीक आणि हंगाम दोन्ही चुकीचे धरलेत. हिवाळ्यात मंडीशी स्पर्धा करायचीच नाही. जुलै ते सप्टेंबर शेतातली कोथिंबीर सडते, वाटेत आणखी खराब होते आणि भाव चढतो. तिथे कॉलनीचा वाफा उपयोगी.

धने हलके रगडून दोन फाकी करा, दहा-बारा तास भिजवा, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) चोळून सावलीत सुकवा. गादीवाफा नऊ इंच उंच, वर बांबूच्या कमानीवर पारदर्शक प्लास्टिक, बाजू उघड्या. मीटरला ४-५ ग्रॅम बी. सगळं एकदम पेरलंत तर फसलात. दर आठवड्याला पाचच मीटर पेरा. सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला चारेक किलो निघेल, म्हणजे चाळीस घरांना १०० ग्रॅमची एकेक जुडी. यात ३० मीटर गुंततात, उरलेल्या २५ मध्ये मेथी-पालक.

काळी माती
नऊ इंचांचा गादीवाफा कशाचा, ते सांगा ना. माळव्याची काळी माती जुलैत पाणी धरून बसते, मुळं गुदमरतात, रोपं जमिनीलगत कुजून आडवी पडतात. लोक दोन पोती वाळू टाकतात आणि वाफ्याची वीट होते. चिकण मातीत थोडी वाळू काही कामाची नाही, निम्म्याहून जास्त घातली तरच फरक पडतो. त्यापेक्षा दोन भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग भाताचा तूस.

राजवाडा परिसर
खत आलंच आहे तर बोलतो. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी खत कुजवण्याची ‘इंदूर पद्धत’ याच गावात, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर बसवली. १९२४ ते १९३१ चं काम. जगभर खताचे ढीग ‘इंदोर’ नावाने लागले आणि आपल्या कॉलन्या पोत्यातलं खत विकत आणतात. याची चीड येते. पालापाचोळ्याचा सहा इंचांचा थर, शेणाचा दोन इंचांचा, वर माती आणि राख. असे थर पाच फुटांपर्यंत. पहारीने उभी भोकं पाडा, हवा खेळली पाहिजे. दोन-तीन आठवड्यांनी पहिली पलटी, पाचव्या आठवड्याला दुसरी, तीन महिन्यांत खत.

ओला कचरा
शेण कुठून आणणार? हॉवर्डकडे शेतावर बैल होते. कॉलनीत आहेत भाज्यांची सालं आणि उरलेला भात. तेच थर नुसत्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचे लावले तर चौथ्या दिवशी आंबूस वास आणि शेजाऱ्यांची तक्रार. दरवेळी शहराचा अभिमान पुढे करून पद्धत अर्धवट सांगणं थांबवा.

राजवाडा परिसर
अर्धवट? पाचोळा हाच पाया आहे, पहिल्या ओळीत लिहिलंय. एक बादली ओल्या कचऱ्याला तीन बादल्या वाळलेला पाला घ्या, शेणाऐवजी जुन्या खताचं विरजण टाका, वास येणार नाही. मूठ दाबल्यावर पाण्याचा थेंबच निघावा, धार नाही. ढीग मीटरभर लांब-रुंद-उंच नसेल तर तापत नाही आणि तापला नाही तर तणाचं बी मरत नाही. छोट्या कुंडीत करणारे नेमके इथे चुकतात.

ओला कचरा
विरजणाचं आता सांगितलंत, बरं केलंत. एक भर घालतो: काळं दिसलं म्हणजे खत झालं असं नाही. ओलं करून पिशवीत तीन दिवस बंद ठेवा, उघडल्यावर उग्र वास आला तर कच्चं आहे. कच्चं खत मातीतला नत्र ओढतं, मेथी पिवळी पडते आणि लोक युरिया मारतात.

हिशेबवही
खताचं ठरेल तेव्हा ठरेल, पाण्याचं कोणी बोललंच नाही. मे महिन्यात मीटरला सहा लिटर म्हणजे रोज ३३० लिटर. नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किलोमीटर उपसून आणायचं आणि पालकावर ओतायचं? टँकर मागवला की जुडी ठेल्यापेक्षा महाग. आणि शहरातून वाहणाऱ्या कान्ह नदीचं पाणी उचलायचा सल्ला कृपा करून कोणी देऊ नका. सांडपाण्यातले शिसे-कॅडमियम पानात मुरतात, धुऊन जात नाहीत.

गिलकीचा वेल
एप्रिल ते जूनचा मध्य शेती बंद ठेवायची. मे महिन्यात वाफे भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणा, कडा मातीत गाडा, पाच आठवडे तसंच ठेवा. तणाचं बी आणि मर रोगाची बुरशी उन्हानेच बरीचशी मरते. पावसाळ्यात पाणी जवळपास फुकट.

हिशेबवही
कोथिंबिरीचा हिशेब मी पुन्हा करून पाहिला. बसतो. पण मग पोस्टमधला ‘निम्म्या भावात भाजी’ हा शब्द काढा आणि ‘पावसाळ्यात आठवड्याला एक जुडी’ असं लिहा. आणि ती जुडी कोणाला? ज्यांना ठेल्यावरची परवडते, त्यांनाच मिळणार असेल तर ‘परवडणारी’ म्हणू नका.

बचत गट
हा प्रश्न पहिला यायला हवा होता. केरळात कुटुंबश्री या सरकारी महिला बचतगट योजनेतल्या बायका गट करून भाड्याच्या जमिनीवर पिकवतात, माल त्यांचा, पैसाही त्यांचा. इथेही वाफे कॉलनीत काम करणाऱ्या ताईंच्या गटाला द्या. बी, प्लास्टिक, पाणी कॉलनीचं. दहा जुड्या आधी त्यांच्या घरी, उरलेल्या तीस ठेल्याच्या भावाने फ्लॅटवाल्यांना.

हिशेबवही
पूर्ण भाव द्यायला फ्लॅटवाले तयार होतील असं मला वाटत नाही. पण हिशेब या वाटेने निघतो, हे मान्य करावं लागतं. प्लास्टिक दोन हंगामांत फाटतं, तो खर्च तेवढा धरा.