टंग ब्लॉकिंग करताना ४ ड्रॉ बेंडच होत नाहीये, जीभ भोकांवर असताना सूर खाली आणायचा कसा?

भांडुपची_वाजवणारी

नमस्कार मंडळी, दीड वर्ष झालं माउथ ऑर्गन वाजवतेय, कुठे क्लास नाही, ऐकून ऐकूनच शिकले. पहिलं वर्षभर ओठांचा चंबू करून एकेक होल वाजवायचे आणि त्यात बेंड, म्हणजे वाजता सूर वाकवून खाली आणणं, तसे बरे यायला लागले होते, ४ ड्रॉ (चौथ्या होलमधून हवा आत ओढून येणारा सूर) तर अगदी हुकमी, १ पण. मग जुन्या शिकागो ब्लूजचं रेकॉर्डिंग ऐकलं, लिटल वॉल्टर, बिग वॉल्टर हॉर्टन वगैरे, आणि तो जाड भरलेला आवाज चंबूने येतच नाही हे लक्षात आलं, म्हणून चार महिन्यांपासून सगळं जिभेवर आणलंय, त्यालाच टंग ब्लॉकिंग म्हणतात. म्हणजे तोंडात चार होल घ्यायचे, डावीकडचे तीन जिभेने झाकायचे आणि उजव्या कोपऱ्यातून एकच वाजवायचा. सिंगल नोट आता स्वच्छ येते, मध्येच जीभ उचलून कॉर्ड (दोन-चार होल एकदम) मारणं पण जमतं. पण बेंड शून्य!! ४ ड्रॉ ओढला की एकतर सूर आहे तिथेच राहतो नाहीतर घुसमटल्यासारखा होऊन बंद पडतो. चंबूत मी जीभ मागे ओढून बेंड करायचे, आता जीभच कामाला लागलीय तर मागे ओढू काय? ओढली की शेजारचे होल उघडतात. आणि ५ ड्रॉ तर चंबूनेही कधी खाली आला नाही, तो वेगळा प्रॉब्लेम आहे का माझाच? घरी भिंती पातळ, सरावाला गच्चीवर जावं लागतं आणि पावसात तेही बंद, त्यामुळे जो काही तासभर मिळतो तो वाया जायला नको असं वाटतं. कोणी हे पार केलं असेल तर प्लीज नीट सांगा.

डोंबिवली_फास्ट

ताई आधी माउथ ऑर्गन कुठला ते सांगा. आपल्याकडे घराघरात जो असतो तो २४ होलवाला ट्रेमोलो, त्यात फुंकायची रीड (थरथरून आवाज काढणारी पट्टी) आणि ओढायची रीड वेगवेगळ्या खणात असतात त्यामुळे तसा बेंड होतच नाही, कितीही जीव काढा. मी त्याच्यावर सहा महिने घालवलेत आणि कोणी सांगितलंच नाही.

भांडुपची_वाजवणारी

नाही नाही, १० होलचाच आहे, सी चा. लाकडी मधला भाग असलेला मरीन बँड. धोबीतलावला जाऊन घेतलेला.

गिरगावचा_षड्ज

मी मुळात गाणं शिकलोय, माउथ ऑर्गन नंतर आला, म्हणून माझ्या पद्धतीने सांगतो. तुम्ही जीभ एकच वस्तू समजताय. पहिलीतली बाराखडी आठवा, त, थ, द, ध म्हणताना जिभेचं टोक दाताला लागतं आणि क, ख, ग, घ म्हणताना टोक निवांत पडलेलं असतं, मागचा भाग उठून टाळूला भिडतो. आता टोक खालच्या दाताला टेकवून ठेवा आणि क म्हणा, येतो ना? म्हणजे टोक अडकलेलं असताना मागची जीभ मोकळी असते. तुमचा बेंड त, थ च्या जागेवरून उचलून क, ख च्या जागेवर न्यायचा, एवढंच. मी ङ म्हणत ओढतो, जीभ आपोआप मागे चढते.

माहीमचा_वारा

गिरगावकरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय पण ङ ला माझा विरोध आहे, कारण ङ अनुनासिक आहे, तो म्हणताना पडजीभ खाली येते आणि नाकाचा रस्ता उघडतो. निम्मी हवा नाकातून आली की बेंड गेलाच. भांडुपकर ताई, तुम्ही आत्ता एक करून बघा, ४ ड्रॉ ओढताना डाव्या हाताने नाक चिमटीत धरा. आवाज एकदम बदलला किंवा मोठा झाला तर समजा गळती नाकातूनच होती. माझी तीच होती आणि मला ते कळायला एक पावसाळा गेला. ग म्हणा, ङ नको. ग अडवून धरल्यासारखा, जीभ टाळूला पूर्ण चिकटू द्यायची नाही, बारीक फट ठेवायची आणि त्या फटीतून हवा आत.

आता बेंडमध्ये नक्की काय होतं ते सांगतो, मला ते कळल्यावरच हात बसला. तुमच्या सी च्या हार्मोनिकात, म्हणजे माउथ ऑर्गनमध्ये, ४ नंबरच्या खणात दोन रीड आहेत, फुंकायची सी आणि ओढायची डी. तोंडातली पोकळी तुम्ही खालच्या सुराला जुळवली की डी ची रीड हळूहळू गप्प होते आणि सी ची रीड, जी खरंतर फुंकायची आहे, ती ओढताना बोलायला लागते. सूर दोघींच्या मध्ये कुठेतरी थांबतो, सी च्या एक अर्धस्वर वर, म्हणजे डी फ्लॅटला. म्हणूनच ५ ड्रॉ खाली येत नाही! तिथे रीड ई आणि एफ, दोघींत अंतरच एका अर्धस्वराचं, मध्ये उतरायला जागाच नाही, जरासा दबतो इतकंच. तुमचा काही दोष नाही. उलट ३ मध्ये जी आणि बी, त्यात तीन सूर बसतात, बी फ्लॅट, ए आणि ए फ्लॅट, म्हणून तो सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर.

यावरून एक समजेल, ताकद लावून काही होत नाही. पोकळी जुळली पाहिजे. मी सुरुवातीला इतकं जोरात ओढायचो की माझ्या ४ ड्रॉची रीड कायमची उतरली, नवीन हार्मोनिका घ्यावा लागला. घुसमटून बंद पडतोय म्हणताय ना, ते याचंच लक्षण, हवा जास्त आणि जागा चुकीची.

जिभेचं टोक होलवर दाबू नका. टोकाच्या जरा मागचा, वरचा रुंद भाग हलका टेकवा, लोणचं चाटून बघतो तसा. टोक कडक झालं की मागचा भागही दगड होतो आणि मग ग म्हणायला तो उठणार कसा. हार्मोनिका ओठांच्या आत जरा जास्त घ्या आणि त्याची मागची बाजू किंचित वर उचला. एवढ्या एका गोष्टीने मला जिभेला जागा मिळाली.

लोकलमध्ये करायचा सराव पण सांगतो, कारण तासभर गच्ची मिळते म्हणालात. तर्जनी ओठांवर आडवी ठेवा, हार्मोनिका धरल्यासारखी, जीभ बोटाला टेकवा आणि उजव्या कोपऱ्यातून हवा आत ओढा. नुसता सुस्स आवाज येईल. आता आतल्या आत ई म्हणता म्हणता ऑ कडे या, आवाज न काढता. तो सुस्स खाली उतरताना ऐकू आला पाहिजे. उतरला की समजा बेंड तोंडात तयार आहे, फक्त हार्मोनिका लावायचा बाकी आहे. व्हीटी ते भांडुप एवढं अंतर रोज केलंत तरी पुष्कळ.

डोंबिवली_फास्ट

काका हे लोणचंवालं भारी आहे, आज लगेच करून बघतो. एक विचारू, बेंडपुरता चंबू केला आणि बाकी जीभ असं नाही का चालणार? बरेच जण तसं करतात की.

माहीमचा_वारा

करतात आणि चांगले वाजवतात, त्यात चूक काही नाही. पण कॉर्डवरून जीभ आपटून लगेच वाकवलेला सूर घ्यायचा असेल तर मध्ये तोंड बदलायला वेळच नसतो, आणि बदललं की आवाजाचा पोत तुटतो, कानाला लगेच कळतं. ताईंना तोच भरलेला आवाज हवाय ना, म्हणून म्हटलं.

गिरगावचा_षड्ज

ङ ची चूक मान्य, आज नाक धरून बघितलं, माझीही गळती निघाली. इतकी वर्षं.

ताई, एक भर घालतो. वाकवलेला सूर नुसता खाली आला म्हणजे झालं नाही, तो सुरात थांबला पाहिजे. ब्लूजला सी चा हार्मोनिका जी मध्ये वाजवतात, म्हणजे २ ड्रॉ तुमचा सा. मोबाईलवर तानपुरा पांढरी पाचला, म्हणजे जी ला लावा. मग ४ ड्रॉ हा पंचम झाला आणि तो वाकवलात की तीव्र मध्यम. ३ ड्रॉ शुद्ध गंधार, वाकवून पहिला थांबा कोमल गंधार, त्याखाली शुद्ध रिषभ. गाऊन घ्या आधी, मग वाजवा. सूर गळ्यात असला की जीभ त्याच जागी जाते, निदान माझी तरी जाते. आणि एकदम खाली पडू नका, मींड घेतल्यासारखं उतरा.

भांडुपची_वाजवणारी

नऊ दिवसांनी लिहितेय, उशीर झाला. नाक धरून बघितलं, आवाज डबल झाला! म्हणजे चार महिने नाकानेच ओढत होते. ट्रेनमध्ये बोटाचा सराव रोज केला, समोरच्या मावशींनी दात दुखतोय का विचारलं, त्यांनाही दाखवलं कसं करायचं ते. काल रात्री गच्चीवर पाऊस थांबला होता, तानपुरा लावून ४ ड्रॉ धरला आणि ग च्या जागेवर आले आणि तो खाली आला, जीभ होलवरून न हलता, तीव्र मध्यमावर दोन सेकंद तरी थांबला. मग परत वर नेला, परत आणला. वीसेक वेळा केलं असेल, हात थरथरत होते. खूप खूप आभार तुम्हा सगळ्यांचे.

२ ड्रॉ मात्र अजून घुसमटतोय, तिथे डावीकडे एकच होल उरतो आणि जिभेला टेकायला जागा कमी पडते. तिथे जीभ कुठे ठेवायची?

माहीमचा_वारा

वा ताई!! २ ला जीभ हार्मोनिकाच्या डाव्या कडेवर अर्धी बाहेर जाते, जाऊ द्या, डावीकडचे ओठ त्या कडेभोवती बंद ठेवा. आणि फट ४ पेक्षा बरीच मागे घ्या, क पेक्षाही मागे, आवंढा गिळायला सुरुवात करतो तिथे. सूर जितका खालचा तितकी जागा मागे. आधी फक्त अर्धा स्वर उतरा, जी चा एफ शार्प, तो पक्का झाला की एफ.