अकीकाची कानातली: जोडी जमत नाही, भोकाशी टवका उडतो, चमक येत नाही

सातमाळा:
सिन्नर-संगमनेर पट्ट्यातला कच्चा अकीक (अगेट) 3 किलो आणि थोडा लाल जॅस्पर (त्याच जातीचा अपारदर्शक दगड), असा माल आहे. घरी दीड किलोचा रबरी ड्रम असलेला टंबलर (खडे पावडरीत फिरवून घासणारं यंत्र) आहे. 80, 220 आणि 500 नंबरची कार्बोरंडम पावडर (नंबर मोठा तितकी बारीक), शेवटी चमकेसाठी सेरियम ऑक्साइड; प्रत्येक टप्पा 7 दिवस. पुढच्या अडचणींवर नेमकं उत्तर हवं आहे.
एक, 60-65 खड्यांतून कानातल्यांच्या जेमतेम 4 जोड्या जमतात.
दोन, चौथ्या टप्प्यानंतरही खडे ओले असताना चमकतात, वाळले की धुरकट दिसतात.
तीन, 1.2 मिमीच्या डायमंड बिटने भोक पाडताना मागच्या बाजूने टवका उडतो. तीनातला एक खडा असा जातो.
चार, बाजारातले तयार हूक लावले तर काही जणींच्या कानाला खाज येते, पाणी येतं.
किमतीचं नंतर विचारते, आधी माल नीट व्हायला हवा.

पैलू:
ताई, पहिल्या अडचणीला ड्रममध्ये उपाय नाही. ड्रममधून खडे निघतात, जोड्या निघत नाहीत. कानातल्यांसाठी दगड कापावाच लागतो. लटकन, अंगठी, पेपरवेट यांना ड्रमचा माल चालतो, पण दोन कान एकाच चेहऱ्यावर असतात आणि फरक लगेच दिसतो.

6 इंची डायमंड पात्याची छोटी करवत पुरते. पात्याखाली पाणी हवंच. पट्टे असलेल्या अकीकाचे 3 मिमी जाडीचे काप काढा. आता खरी गोम. शेजारच्या दोन कापांची जोडी लावताना बहुतेक जण दोन्ही कापांची एकच बाजू दर्शनी ठेवतात. मग त्या दोन बाजूंमध्ये कापाची जाडी अधिक पात्याची जाडी, म्हणजे साधारण 4 मिमी अंतर पडतं आणि तेवढ्यात पट्टे सरकतात. त्याऐवजी कापताना समोरासमोर आलेल्या दोन बाजू दर्शनी घ्या. त्यांच्यात फक्त पात्याने खाल्लेला 1 मिमी दगड असतो. पुस्तक उघडल्यासारखी उजवी-डावी जोडी मिळते. साचा दुसऱ्या कापावर उलटा करून ठेवायचा, हे मात्र विसरू नका. आखायला अॅल्युमिनियमची टोकदार तार घ्या. पेनची शाई पाण्यात धुऊन जाते.

कापण्याआधी आणि नंतरही तडा तपासा. दगड बुडवून काढा, फडक्याने पुसा आणि वाळताना बघत राहा. बाकीचा दगड वाळतो, तडा असलेल्या जागी काळी ओली रेघ टिकते. ती रेघ भोकाच्या जागेजवळ असेल तर त्या कापाचा नाद सोडा, तो भोक पाडताना तरी फुटेल नाहीतर गिऱ्हाइकाच्या हातात.

वजनाचा हिशोब कापण्याआधीच करता येतो. अकीकाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 2.6 ग्रॅम. 20 × 12 मिमीचा लंबगोल, 3 मिमी जाड, म्हणजे जवळपास दीड ग्रॅम. 25 × 18 मिमी आणि 5 मिमी जाड सपाट काप साडेचार ग्रॅमच्या पुढे जातो. एका कानाला धातूसकट 5 ग्रॅम ही माझी वरची हद्द. कुडीसारखं कानाला चिकटून बसणारं असेल तर त्याच्या निम्मं, कारण जड कुडी पुढे झुकते आणि दगड जमिनीकडे बघतो. 0.01 ग्रॅमचा खिशातला काटा घ्या. जोडीत 0.2 ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर जड कापाची मागची बाजू घासून उतरवा.

जॅस्पर आणि अकीक एकाच दगडात मिसळलेले असतील तर मऊ भाग आधी झिजून खळगा पडतो. असे काप चाकावर दाब न देता, नव्या डायमंड चकतीवर हलक्या हाताने करावेत.

गिरमिट:
मागून टवका उडतो कारण बिट बाहेर पडायच्या क्षणी खाली आधार नसतो, आणि उरलेला पापुद्रा दाबाने तुटतो. उपाय दोन, जमल्यास दोन्ही करा.

पहिला: काप टाकाऊ फरशीच्या तुकड्यावर लाखेने चिकटवा. लाख मऊ होईल इतकीच गरम करा, आणि दगडही आधी कोमट करून घ्या. थंड अकीकाला एकदम आच लागली तर तडकतो. बिट दगडातून थेट फरशीत जातं, पापुद्र्याला मागून आधार राहतो.
दुसरा: एका बाजूने दोन तृतीयांश खोल जा, मग काप उलटून दुसऱ्या बाजूने या. दोन्ही बाजूंचे मध्य जुळायला हवेत, म्हणून आधी दोन्हीकडे खूण करून छोटी खाच पाडा. खाच नसेल तर बिट गुळगुळीत दगडावर घसरतं आणि पॉलिशवर ओरखडा येतो.

कापाभोवती मातकामाच्या चिकणमातीचा बांध घालून त्यात पाणी ठेवा. बिट सतत दाबून धरू नका. एक-दोन सेकंद खाली, मग वर, पुन्हा खाली. वर उचललं की पाणी आत जातं आणि पांढरी पेस्ट बाहेर येते. पेस्ट सुकली किंवा आवाज किंचाळल्यासारखा झाला की थांबा, बिटवरचे हिरे तिथेच जळून जातात. स्वस्त मुलामा दिलेलं बिट अकीकात थोडीच भोकं काढतं. वेळ वाढायला लागला की बदला, जोर वाढवू नका. बोथट बिटवर जोर हेच टवका उडण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

भोकाची कड आणि दगडाची कड यांत किमान 2 मिमी ठेवा. आणि भोक अखेरच्या पॉलिशआधी पाडा, म्हणजे बारीक टवका उडाला तरी चाकावर निघून जातो.

विजेचं: हातातली मोटर पाण्यावर धरू नका. लवचीक शाफ्ट लावून मोटर लांब टांगा, आणि त्या सॉकेटला विजेची गळती झाल्यावर पुरवठा तोडणारा स्विच असू द्या.

घासणकाम:
दुसऱ्या अडचणीबद्दल. ओला दगड चमकतो ती चमक पाण्याची असते. तपासणी कोरड्या दगडावर, खिडकीपाशी आणि 10 पट भिंगातून. तुम्ही टप्पे दिवस मोजून बदलता आहात असं दिसतं. 7 दिवस हा अंदाज आहे. 80 नंबरच्या टप्प्यातच खड्ड्यांचा आणि सालीचा निकाल लागतो, त्याला दोन आठवडे लागले तर लागू द्या. दगडाचा पाव भाग तिथे गाळात गेला तरी वाईट वाटून घेऊ नका.

चूक नेमकी कुठे हे शोधायला एक धुरकट खडा घ्या, ओल्या जाड कातड्यावर सेरियमची पेस्ट लावून मिनिटभर जोरात घासा. तेवढा भाग उजळला तर 500 पर्यंतचं काम बरोबर आहे, शेवटचा टप्पा बिघडला. नाही उजळला तर 500 ला परत जा, सेरियम कितीही दिवस फिरवलं तरी उपयोग नाही.

शेवटचा टप्पा बिघडतो तो मुख्यतः दोन गोष्टींनी. जुनी पावडर झाकणाच्या खाचेत आणि खड्यांच्या भेगांत लपून राहते. एक दाणा अख्ख्या ड्रमची चमक खातो. सेरियमसाठी वेगळा ड्रम ठेवा, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यानंतर खडे टूथब्रशने घासून, साध्या साबणाच्या पाण्यात काही तास फिरवून घ्या. दुसरं, ड्रम अर्धा रिकामा असतो. दगड उंचावरून आपटतात आणि कडांना पांढरे चंद्रकोरी डाग येतात. ड्रम दोन तृतीयांश ते पाऊण भरलेला हवा, कमी पडलं तर प्लॅस्टिकचे किंवा चिनी मातीचे दाणे भरा. पाणी सर्वांत वरच्या दगडांच्या किंचित खाली. पावडर किलोमागे दोन टेबलस्पून. झाकण दिवसाआड उघडा, आत वायू साठून ड्रम फुगतो.

चपट्या कापांना ड्रममध्ये टाकू नका, एकमेकांना चिकटून मधला भाग तसाच राहतो. ते चाकावर किंवा काचेवर हाताने.

गाळ मोरीत ओतू नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत बसू द्या, वरचं पाणी काढा, खालचा लगदा पिशवीत बांधून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा सगळा दगड सिलिका आहे. गुजरातमधल्या खंबातच्या अकीक कारागिरांमधला सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) कुप्रसिद्ध आहे, आणि तो कोरड्या घासणीतून येतो. फुफ्फुसात एकदा गेलेली ती धूळ परत निघत नाही. म्हणून एक घाव कोरडा नको, "फक्त कड मोडायची आहे" म्हणूनही नको. एन95 मास्क पाण्याला पर्याय नाही, पाण्याच्या जोडीला आहे. टेबलावर आणि एप्रनवर वाळलेला चिखलसुद्धा धूळच, ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. स्वयंपाकघरात हे काम करू नका.

डाख:
हुकांबद्दल. बाजारात "जर्मन सिल्वर" म्हणून येतं ते तांबं, निकेल आणि जस्त; त्यात चांदी औषधालाही नसते. मुलामा दिलेल्या पितळी हुकातही मुलाम्याखाली बऱ्याचदा निकेलचा थर असतो, मुलामा झिजला की तो कानाला लागतो. खाज आणि पाणी येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हे.

92.5 चांदीची 0.8 मिमी तार घ्या आणि हूक स्वतः वळवा. एका हुकाला 5 सेंटिमीटर तार लागते, वजन साधारण पाव ग्रॅम. म्हणजे जोडीला अर्धा ग्रॅम चांदी. त्या दिवशीच्या भावाने गुणून बघा. दीड तासाच्या मेहनतीच्या दगडाला तेवढी वाचवण्यात अर्थ नाही. दोन्ही हूक एकाच वेळी, एकाच जाडीच्या मार्करवर वळवा, नाहीतर एक कानातलं खाली लोंबतं. कानात जाणारं टोक आधी कानशीने गोल, मग 600 आणि 1200 च्या ओल्या पॉलिश पेपरने. नखावरून फिरवून बघा, ओरखडा उठला तर अजून घासा. वळवल्यावर लाकडी हातोडीने ऐरणीवर हलके दोन-तीन ठोके, तार कडक होते आणि आकार धरते.

डाख देताना दगड जवळ नको. आधी धातूचं सगळं काम, डाखासाठी लावलेला टाकणखार धुऊन, मगच दगड. कुडीची काडी दगडाला चिकटवायची असेल तर फेविक्विक वापरू नका. गुळगुळीत दगडावरून ते सुटतं आणि भोवती पांढरी वाफ बसते. दगडाची मागची बाजू 220 ने खरवडा, स्पिरिटने पुसा, दोन भागांचं सावकाश सुकणारं अरल्डाइट समप्रमाणात, 24 तास हात लावू नका. काडीला किमान 6 मिमी व्यासाची चकती असू द्या.

सातमाळा:
सगळ्यांचे आभार. समोरासमोरच्या बाजूंचं लक्षातच आलं नव्हतं. आता किंमत. एक दुकानदार 35 टक्के कमिशनवर माल ठेवायला तयार आहे. खर्च अधिक 35 टक्के अशी किंमत लावायची होती.

वजनकाटा:
तसं लावलंत तर प्रत्येक जोडीत तोटा. समजा दगड आणि पात्याची झीज 60 रुपये, तुमचे सव्वा तासाचे 150. दहातल्या दोन जोड्या फुटतात असं धरा. हे 210 ला 0.8 ने भागा, 263. फुटणारे काप हूक लावण्याआधीच फुटतात, म्हणून चांदी आणि डबी त्यात धरू नका. त्यांचे समजा 150 आणि 30, वर मिळवा. एकूण 443.

आता 443 वर 35 टक्के चढवले तर 598. दुकानदार 35 टक्के 598 वर घेतो, 443 वर नाही. तुमच्या हाती 389. बरोबर रीत म्हणजे 443 ला 0.65 ने भागणे: 682. तीच किंमत प्रदर्शनातही ठेवा. स्वतःच्या टेबलावर स्वस्त विकलंत तर दुकानदार पुढच्या वेळी माल घेणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

अकीक, जॅस्पर 2015 पासून गौण खनिजांत (राज्य सरकारच्या नियमांखालच्या खनिजांत) आहेत, तेव्हा विक्रीसाठी दगड नदीतून उचलण्याऐवजी बिलावरच घ्या, आणि बिलं जपा. चांदीचे दागिने, अकीकासारख्या अर्धमौल्यवान दगडाच्या वस्तू, दोन्हींवर जीएसटी 3 टक्के. महाराष्ट्रात वस्तूंची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. ऑनलाइन पोर्टलवर आणि परराज्यात विकताना अटी वेगळ्या आहेत, ते सीएकडून एकदा लिहून घ्या.

कार्डावर मिमी, ग्रॅम, "हूक 92.5 चांदी", आणि दगडाला रंग किंवा उष्णता दिली आहे की नाही हे लिहा. बाजारात येणारा भडक निळा आणि गुलाबी अकीक जवळपास नेहमी रंगवलेला असतो. उष्णतेने लाल केलेला अकीक ही खंबातची जुनी विद्या आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त सांगा. फोटो काढताना दगडाला तेल किंवा पाणी लावू नका. घरी कोरडा दगड पोचतो आणि तो परत येतो.

सातमाळा:
आणि हे उरलेले 50 विजोड खडे?

पैलू:
टाकू नका. काट्यावर वजन करून ग्रॅमच्या पाव-पाव गटांत लावा. एकाच गटातले, रंगाने एका घराण्यातले पण आकाराने वेगळे असे दोन खडे तारेने गुंफून जाणूनबुजून विजोड म्हणून विकता येतात; वजन सारखं असेल तर कानाला दोन्ही सारखेच लोंबतात. त्यांना भोक पाडू नका. 0.6 मिमी तारेचे दोन आडवे वेढे आणि एक उभा, टोक खड्यामागे दडपलेलं. गोल गुळगुळीत खडा तारेतून निसटतो, म्हणून ज्यांना एखादी खाच किंवा कंबर आहे तेच निवडा.