मारी बिस्किटांचा खोबरं-चॉकलेट रोल: ‘दूध लागेल तसे’ म्हणजे नक्की किती?

घोडबंदर_रोड
नाताळच्या सुट्टीत आजीच्या वहीतला, भट्टी न लागणारा रोल करायचाय. वहीत एवढंच आहे: “मारी १ पुडा, कोको ३ चमचे, पिठीसाखर १ वाटी, लोणी अर्धी वाटी, खोबरे कीस दीड वाटी, दूध लागेल तसे. लाटून सारण पसरावे, वळकटी करून बर्फाच्या कप्प्यात ठेवणे.” घरातली वाटी मोजली, १५० मिली पाणी मावतं. अडचणी तीन. वळताना पोळी फुटते, कापताना चकत्या चपट्या होतात आणि ताटलीत काढल्यावर थोड्याच वेळात वरून पाणी सुटतं. २५ तारखेला सोसायटीत तीसेक चकत्या न्यायच्यात. वजनात सांगितलंत तर बरं.

नौपाडा_किचन
वहीतलं प्रमाण ठीक आहे, फक्त कशात किती जायचं ते लिहायचं राहिलंय. पिठीसाखर १ वाटी म्हणजे साधारण ८० ग्रॅम. त्यातली ३० बिस्किटाच्या गोळ्यात, ५० सारणात. लोणी ७० ग्रॅम: २० गोळ्यात, ५० सारणात. मारी २०० ग्रॅम धरा. पुड्यांची वजनं सारखी बदलत असतात, तेव्हा पुडा न मोजता काट्यावर टाका. कोको १५ ग्रॅम, म्हणजे पोह्याचे ३ सपाट चमचे. यात दोन रोल आणि ३० च्या आसपास चकत्या होतात.

आता दूध. उकळून कोमट केलेलं ७० ते ८५ मिली. फसगत इथेच होते, कारण मारीचा चुरा दूध सावकाश पितो. ६० मिली घातल्यावर गोळा कोरडा दिसतो, आपण आणखी ओततो, आणि दहा मिनिटांनी पोलपाटाला चिकटणारा चिखल समोर असतो. म्हणून ६० मिली घालून हलक्या हाताने एकत्र करा, झाकण ठेवून १० मिनिटं थांबा, मग एकेक चहाचा चमचा वाढवत जा. थालीपिठाच्या पिठापेक्षा किंचित घट्ट हवं. लिंबाएवढा गोळा तळव्यावर दाबून बघा. कडा दातेरी फाटल्या तर अजून एक चमचा दूध, बोटाला काळा लेप राहिला तर थांबा. लेप राहायला लागल्यावर चुरा घालून सावरता येतं, पण मग रोल फिका लागतो.

पोळी फुटायची दुसरी कारणं: चुरा जाड राहणं (पिठाच्या चाळणीतून चाळाच, कोको आणि साखरही त्याबरोबरच) आणि जाड लाटणं. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये २० × १६ सेंमी, साडेचार-पाच मिमी जाडीची लाटा. सारण कडेपासून १ सेंमी आत ठेवा, दूरच्या कडेला २ सेंमी. २० सेंमीची बाजू आपल्याकडे घेऊन, कागद उचलत वळा. पहिला वेढा घट्ट बसला नाही तर मधे पोकळी राहते आणि चकती सुटते. गोळा फ्रीजमध्ये ठेवून मग लाटायला गेलात तर फुटणारच. वळायचं गार व्हायच्या आधी.

नेरूळ_पूर्व
खोबऱ्याबद्दल. डेसिकेटेड घ्या, ७५ ग्रॅम. ओला नारळ घालायचा मोह आवरा, त्याचं पाणी पोळीत उतरतं आणि रोल दोन दिवसांत आंबूस होतो. सुक्या वाटीचा कीस चालतो, पण वरची तपकिरी साल काढा आणि आधी चव बघा, जुनं खोबरं खवट असेल तर वेलची त्याला झाकत नाही.

घरचं लोणी असेल तर गार पाण्यात दोनदा धुऊन, दाबून ताक काढून टाका, नाहीतर सारण पातळ होतं. पिवळं बटर घेतलंत तर ते खारट असतं, बिनमिठाचं मागा. तूप रवाळ गोठतं, वनस्पती टाळूला चिकटते, दोन्ही नकोत. लोणी वितळवायचं नाही, फक्त मऊ करायचं. वितळलेल्या लोण्याचं सारण वळताना दोन्ही टोकांनी बाहेर येतं.

सुटा कोको जांभळी नाक्याला किंवा वाशीच्या एपीएमसीत मिळतो, पण चिमूटभर जिभेवर ठेवून घ्या. गोड लागला तर तो ड्रिंकिंग चॉकलेट आहे.

घोडबंदर_रोड
घरात ड्रिंकिंग चॉकलेटच आहे. तेच ढकलू का? आणि मारीऐवजी ग्लुकोज बिस्किटं?

नौपाडा_किचन
ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये बरीचशी साखरच असते. ४० ग्रॅम घालून गोळ्यातली पिठीसाखर पूर्ण गाळलीत तरी रंग फिकाच येणार. ५० रुपये वाचवायची जागा ही नव्हे. ग्लुकोज बिस्किटं जास्त गोड आणि लवकर विरघळणारी, दूध ५५ मिलीपासूनच जपून. मारी तिच्या कोरडेपणासाठीच घेतात.

कोपरी_पूल
कापणं आणि पाणी सुटणं राहिलंच. रोल प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून, टोकं पिळून फ्रीझरमध्ये दीड तास. मग १० मिनिटं बाहेर ठेवून कापा. नुसत्या फ्रीजमध्ये ठेवलेला रोल मधे मऊच असतो, वरून सुरी दाबली की बसतो. धारदार सुरी, प्रत्येक कापानंतर पुसलेली, सव्वा सेंमीच्या चकत्या. सुरी बोथट असेल तर सरळ शिवणाचा जाड दोरा घ्या: रोलखालून घालायचा, वर दोन्ही टोकांची अढी घालून ओढायचा. दाब चहूबाजूंनी सारखा येतो, गोल मोडत नाही. दोऱ्यासाठी रोल दगड नको, अजून ५ मिनिटं जास्त बाहेर ठेवा.

पाणी आतून सुटत नाही, आपल्या दमट हवेतली वाफ गार चकतीवर बसते. म्हणून फ्रीझरमधून थेट ताटलीत नाही. चकत्या डब्यात लावा, थरांमध्ये बटर पेपर, झाकण लावून रात्रभर फ्रीजमध्ये. नेताना झाकण बंद ठेवा, सोसायटीत पोचल्यावर २० मिनिटांनीच उघडा, तोवर पाणी डब्यावर बसेल, चकत्यांवर नाही.

दूध आहे, त्यामुळे फ्रीजमध्ये चार दिवस, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. २३ ला वळून अख्खे रोल फ्रीझरमध्ये ठेवलेत तर २४ ला रात्री फक्त कापायचं काम उरतं.